समुद्र कुठे गेला?

लहान मुलांना घेऊन दूरच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबात बहुधा दोन पक्ष असतात. एका पक्षाजवळ वेळापत्रक असते, दुसऱ्याजवळ डबे असतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या अण्णांचे कुटुंब गेल्या वर्षी दिवाळीचा पाडवा आटोपून अंदमानला निघाले, तेव्हा पुण्याच्या मुलाजवळ आठ दिवसांचे तासावार वेळापत्रक होते आणि आक्कांजवळ अकरा डबे होते. दशम्या, मेतकूट, खाकरे, लसूण न घातलेले भडंग, शिवाय बोट लागू नये म्हणून सुंठ-साखरेच्या गोळ्या. सून दोन्ही पक्षांत होती. तिने औषधांची पिशवी स्वतःच्या हातात ठेवली होती आणि ती कोणाकडेही देत नव्हती.

अण्णा कोणत्याच पक्षात नव्हते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते प्रथमच आठ दिवसांसाठी दुकान सोडत होते. सांगलीत हळदीची मोठी आवक फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालते. शाळांना सुट्टी लागते त्याच दिवसांत यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि सकाळपासून सौदे सुरू होतात. ज्याच्या घरी अडत आहे, त्याच्या घरात उन्हाळ्याची सुट्टी फक्त मुलांना असते. या वेळी पुतण्याने दुकान पाहण्याचे कबूल केले होते. तरीही चेन्नईला विमान बदलताना अण्णांनी त्याला तीन वेळा फोन केला.

नातू सात वर्षांचा, नात चार वर्षांची. ‘एवढ्या लहान मुलांना एवढ्या लांब नेऊन त्यांच्या लक्षात काय राहणार?’ हा प्रश्न अण्णांनी सांगलीतच विचारला होता. हा प्रश्न अनेक घरांतून विचारला जातो आणि त्यामागे पुष्कळदा खर्चाचा विचार असतो. तो विचार अगदीच चुकीचाही नसतो.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, मराठी माणूस उतरतो तो वीर सावरकरांच्या नावाच्या विमानतळावर, आणि पहिल्याच दिवशी सेल्युलर जेलला जातो. १९०६ साली पूर्ण झालेल्या त्या तुरुंगात सात वर्षांच्या मुलाला काय आणि किती सांगावे, याचा विचार बापाने आधी केला नव्हता. कोलू, काथ्या कुटण्याचे काम, एकान्तकोठडी, असे तो सांगत गेला. मुलगा सगळे ऐकत होता. शेवटी एका कोठडीत उभा राहून त्याने उंचावरच्या झरोक्याकडे पाहिले आणि विचारले, “यांना समुद्र दिसायचा का?” बेटावर ठेवलेल्या माणसाला समुद्र दिसू न देण्याची ती व्यवस्था होती, हे अण्णांच्याही त्या क्षणी प्रथमच ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाने ते शहीद द्वीपकडे निघाले. २०१८ पर्यंत याचे नाव नील बेट होते आणि बोटीवरचे लोक अजूनही तेच नाव घेतात. पोर्ट ब्लेअरपासून हे बेट सुमारे चाळीस किलोमीटर ईशान्येला आहे. आक्कांच्या सुंठेने आणि सुनेच्या औषधाने, नेमके कोणाच्या बळावर ते सांगता येत नाही, मुले उलटी न करता पोहोचली. उलटी फक्त वेळापत्रक करणाऱ्याला झाली.

बेट खरोखरच लहान आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रिक्षाने जायला अर्धा तासही लागत नाही. मध्ये भातशेती, भाजीचे मळे, नारळ आणि सुपारी. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना येथे वसवण्यात आले. आज आसपासच्या बेटांना भाजीपाला पुरवणारे बेट म्हणून त्याची ख्याती आहे. गावांची नावे रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. रिक्षावाल्याने ही नावे सांगताच नातवाने बोटे मोजली आणि विचारले, “मग शत्रुघ्नपूर कुठे आहे?” रिक्षावाला क्षणभर गप्प झाला आणि मग मोठ्याने हसला. तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता म्हणे.

वेळापत्रकानुसार पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता ‘भरतपूर, पोहणे’ असे होते. मुले पोहण्याचे कपडे घालून, बादल्या-फावडी घेऊन किनाऱ्यावर पोहोचली, तो तेथे समुद्रच नव्हता. ओहोटी लागली होती. जेथे पाणी असायचे तेथे दूरवर ओली वाळू, शेवाळलेले खडक आणि मृत प्रवाळांचे करडे तुकडे पसरले होते. पाण्याची निळी रेघ फार दूर दिसत होती.

“समुद्र कुठे गेला?” नातवाने विचारले.

अण्णांना हसू आले नाही. सांगलीच्या माणसाला पाणी माहीत आहे ते कृष्णेचे. २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली ते दुकानाच्या पायऱ्या चढून आत आले होते. पाणी येते ते न सांगता येते आणि जाते ते नुकसान करून जाते, एवढाच त्यांचा अनुभव. दिवसातून दोनदा येणारे, दोनदा जाणारे आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येऊनही कधी न चुकणारे पाणी त्यांनी जवळून पाहिले नव्हते. काचेच्या तळाची नाव चालवणाऱ्या एका तरुणाने त्यांना समजावले, “बाबूजी, सकाळी या. पाणी इथपर्यंत येईल.” त्याने पायाने वाळूत एक रेघ ओढली. अण्णांनी त्या रेघेशेजारी एक काटकी रोवून ठेवली. व्यापारी माणूस, शब्द तपासून पाहणारा.

सकाळी पाणी काटकीच्या पुढे होते. काटकी सापडलीही नाही.

त्या बेटावर घड्याळ आणि सूर्य यांचे जमत नाही. अंदमान इतके पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र साऱ्या देशाचेच, त्यामुळे त्या दिवसांत सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी पाच वाजायच्या आत मावळतो. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या आक्कांना चार वाजताच पानावर बसावे लागे. मुक्कामाच्या ठिकाणचा बंगाली आचारी आधी गोंधळला. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि जेवण चार वाजता. मग त्याची बायको पुढे आली. तिने भोपळा, वांगी, कच्ची केळी आणि पपई आक्कांपुढे मांडली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “यातले काय चालेल ते तुम्ही हाताने दाखवा.” आक्कांची हिंदीही तितकीच मोडकी. दोघींचे उत्तम जमले. तिच्या सासऱ्याने या बेटावरचे जंगल तोडून पहिला मळा कसा केला, हे आक्कांनी दोन दिवसांत समजून घेतले. वेळापत्रकात ही नोंद नव्हती.

मुलांचे आणि वेळापत्रकाचे मात्र जमेना. दुसऱ्या दिवशी नैसर्गिक खडकाची कमान पाहायची होती. स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. ओहोटीच्या वेळी निसरड्या खडकांवरून बरेच चालल्यावर ती दिसते. मोठ्यांना ती फार आवडली. नातवाने तिच्याकडे एकदा पाहिले आणि पुढचा अर्धा तास खडकातल्या हातभर डबक्यात अडकलेला एक मासा पाहत बसला. काचेच्या तळाच्या नावेचे पैसे भरले आणि नात बापाच्या खांद्यावर झोपली. पायांखाली जिवंत प्रवाळ आणि रंगीत मासे सरकत होते आणि ती घोरत होती. मुलांना लांब न्यावे की नाही, याविषयी तज्ज्ञ काहीही म्हणोत. इतके मात्र या कुटुंबाने पाहिले की चार वर्षांच्या मुलीला दिवसाला एक किनारा पुरतो, आणि दुसरा दाखवला तर ती पहिल्याकडे परत न्या म्हणून रडते.

त्या रात्री एक प्रकार घडला. नातीने दिवसभर शंख गोळा करून आपल्या खाऊच्या डब्यात भरले होते आणि झाकण लावून डबा उशाशी ठेवला होता. रात्री दहाच्या सुमारास आक्कांना खरखर ऐकू आली. उंदीर असेल म्हणून दिवा लावला, तर आवाज डब्यातून येत होता. झाकण काढताच दोन शंख उठून चालू लागले.

शंख हा द्वींद्रिय जीव, हे आक्कांनी लहानपणी पाठशाळेत पाठ केले होते. येथे शंखातून भलताच प्राणी डोळे वर करून पाहत होता. शंखाचा मूळ मालक केव्हाच गेलेला. हा भाडेकरू खेकडा. याच्या शरीराचा मागचा भाग मऊ असतो, त्याला स्वतःचे कवच नसते. म्हणून तो रिकाम्या शंखात शिरून राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. हे दुसऱ्या दिवशी कळले. त्या रात्री आक्कांना एवढेच कळले की जीव कोंडला गेला आहे. “आत्ताच्या आत्ता सोडून यायचे,” त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला, सकाळी सोडू. आक्कांनी पायांत चपला घातल्या.

अखेर मुलगा, आक्का आणि झोपेतून उठलेली नात, असे तिघे विजेरी घेऊन किनाऱ्यावर गेले. नात रडत होती, कारण ते तिचे होते. वाळूवर डबा पालथा केल्यावर एक खेकडा लगेच निघून गेला. दुसरा बराच वेळ हलला नाही. तो हलेपर्यंत आक्का उठायला तयार नव्हत्या. तो चालू लागला तेव्हा नातीचे रडणे थांबले आणि तिने विचारले, “तो त्याच्या आईकडे चालला का?” आक्कांनी होय म्हटले. सत्याचे व्रत एवढे ताणू नये, असे त्यांचे मत असावे.

उरलेले रिकामे शंखही सकाळी परत गेले. अंदमानातून शंख-प्रवाळ नेण्यावर निर्बंध आहेत आणि विमानतळावर सामानात ते शोधले जातात. प्रवाळाला तर वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पण नातवाला पटले ते वेगळ्या कारणाने. आपण शंख नेला तर वाढलेल्या खेकड्याने राहायचे कुठे, हा हिशेब त्याने स्वतःच मांडला.

चौथ्या दिवशी परतायचे होते. आदल्या संध्याकाळीच वारा सुटला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि रात्री निरोप आला की उद्या जहाजे सुटणार नाहीत. वेळापत्रकाचा पुढचा सगळा भाग त्या एका निरोपाने गेला. मुलगा फोनला रेंज मिळवण्यासाठी व्हरांड्यात इकडून तिकडे फिरत राहिला. विमानाची तिकिटे बदलायची होती, कार्यालयाला कळवायचे होते. अशा वेळी नातवाच्या कपाळाला हात लावून सून म्हणाली, “याला ताप आहे.”

तापमापकाने १०२ दाखवले. औषधांची पिशवी उघडली गेली. दीड तासाने ताप पुन्हा चढला आणि मुलगा कानाकडे हात नेऊन कण्हू लागला. बाहेर पाऊस कोसळत होता, समुद्र बंद होता. मोठे रुग्णालय चाळीस किलोमीटर पाण्यापलीकडे. घरात ताप आणि बेटावर ताप यांतला फरक तेव्हा सर्वांना कळला. ‘एवढ्या लहान मुलांना एवढ्या लांब कशाला,’ हे वाक्य अण्णांच्या ओठांवर आले असेल. त्यांनी ते उच्चारले नाही.

आचाऱ्याने आपल्या भाच्याची रिक्षा आणली. अण्णा आणि मुलगा नातवाला शालीत गुंडाळून बेटावरच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले. सून नातीजवळ थांबली. तिचे थांबणे सर्वांत अवघड होते. केंद्रात रात्रपाळीची परिचारिका होती. तिने शांतपणे मुलाला तपासले, बोटातून थेंबभर रक्त घेऊन मलेरियाची चाचणी केली, डॉक्टरांना बोलावले. मलेरिया नव्हता. कानात पाणी जाऊन दाह झाला होता. औषध दिले आणि ताप उतरेपर्यंत तासभर बसायला सांगितले.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. नातू अण्णांच्या मांडीवर झोपला. मुलगा बाकावर शेजारी बसला होता. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

“अण्णा, ती निळी पिशवी आठवते का तुम्हाला?” मुलाने विचारले.

अण्णांना आठवली नाही.

“मी तिसरीत होतो. मे महिन्यात मालवणला जायचे ठरले होते. मी पिशवी भरली होती. टॉवेल, दोन चड्ड्या आणि प्लास्टिकचा मग, वाळू भरायला. मग हळदीला भाव आला आणि तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी जाऊ. मी ती पिशवी सोडली नाही. शाळा सुरू होईपर्यंत माळ्यावर तशीच होती. आईने जूनमध्ये टॉवेल शोधला तेव्हा सापडली.”

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. तीस वर्षांपूर्वीची नोंद वाचून दाखवावी तसे तो बोलला. अण्णांना त्या वर्षीचा हळदीचा भाव लगेच आठवला. पिशवी आठवली नाही. भाव सांगावा असे त्यांना वाटले, आणि मग सांगू नये असे वाटले.

“मला कोणी बोलले नाही,” ते म्हणाले.

“तुम्ही घरी कुठे असायचात?” मुलगा म्हणाला. मग त्यालाच ते जरा जास्त झाले असे वाटले असावे. “तुम्ही नव्हता म्हणून शिक्षण झाले, तेही खरे आहे.”

अण्णांनी नातवाच्या कपाळावर हात ठेवला. घाम आला होता. परिचारिकेने तापमापक लावले. ९९.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर जागलेला मुलगा फोन घेऊन पुन्हा व्हरांड्यात निघाला, तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, “तू झोप. सूनबाईलाही झोपू दे. मुलांना मी बघतो.” आक्कांनी मान वर करून पाहिले. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली होती आणि हे वाक्य त्या घरात प्रथमच उच्चारले जात होते.

जहाजे दोन दिवस बंद राहिली. या दोन दिवसांत कोणतेही ठिकाण पाहिले गेले नाही. पाऊस थांबला की अण्णा मुलांना घेऊन भरतपूरच्या किनाऱ्यावर जात. पाण्यात कोणाला सोडत नव्हते, वारा होता आणि नातवाच्या कानात कापूस होता. तिघे वाळूत कालवा खणत. अण्णांनी आयुष्यात एकदाही वाळूचा किल्ला केला नव्हता. पण कृष्णेकाठचा माणूस, पाणी कोणत्या बाजूने येईल आणि बांध कोठे फुटेल हे त्यांना नेमके समजे. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि नातवाला बांध घालायला शिकवले. भरती आली की बांध जाई. मुले आनंदाने ओरडत. दुसऱ्या दिवशी पाणी पाऊण तासाने उशिरा आले, तेव्हा अण्णांनी घड्याळ पाहून मान डोलावली. नातीने पहिल्या रात्रीच्या खेकड्याला शोधण्याचे काम चालू ठेवले होते. तिला तो रोज सापडत असे, दर वेळी वेगळ्या रंगाचा.

वाळूतल्या बारीक माश्यांनी सर्वांच्या पायांवर लाल फोड उठवले. आचाऱ्याच्या बायकोने खोबरेल दिले आणि सांगितले की ते आधी लावायचे असते. लहान मुलांना घेऊन त्या बाजूला जाणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पहाटे आणि संध्याकाळी पाय झाकलेले असावेत, खडकांवर अनवाणी जाऊ नये, आणि विमानाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवावा. समुद्र बंद झाला म्हणजे तो कोणाच्या ओळखीने उघडत नाही.

तिसऱ्या दिवशी जहाज सुटले. नव्या तिकिटांना जादा पैसे पडले, किती ते अण्णांनी विचारले नाही. आक्कांच्या अकरा डब्यांपैकी एक बेटावरच राहिला. त्यात भडंग होते आणि तो मुद्दाम ठेवला होता. त्याच्या बदल्यात परतीच्या सामानात एक भोपळा वाढला.

यंदा एप्रिलच्या अखेरीस मुलांना सुट्टी लागली, तेव्हा यार्डात हळदीची आवक जोरात होती. एका दुपारी सौदे चालू असतानाच पुण्याहून नातवाचा फोन आला.

“अण्णा, तिकडे बेटावर आत्ता समुद्र आला असेल का गेला असेल?”

भोवती हमाल होते, पोती होती, गुमास्ता भावासाठी ताटकळत उभा होता. अण्णांनी त्याला हाताने थांबायला सांगितले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुतण्याला म्हणाले, “अरे, या मोबाइलवर ओहोटीची वेळ कुठे दिसते, बघ जरा.”